बुद्धिबळाचा पट पाठवा, फोटो पाठवू नका

तुम्ही विचारलंय की फोटोंचं एडिटिंग, बॅकअप आणि बोलून टायपिंग, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकलं तर बॅटरी वाचेल का. गंमत अशी की तिघांची उत्तरं तीन आहेत.

काम फोनवर केलं तर प्रोसेसर वीज खातो, बाहेर पाठवलं तर रेडिओ, म्हणजे टॉवरशी किंवा वायफायशी बोलणारा फोनचा भाग, खातो. शिवाय उत्तर येईपर्यंत स्क्रीन जळत राहते ते वेगळंच. पर्ड्यू विद्यापीठाच्या कार्तिक कुमार आणि युंग-श्यांग लू यांनी २०१० साली हाच हिशेब मांडला होता, त्यात बुद्धिबळाचं उदाहरण आहे. पटावरची स्थिती शंभरेक बाइटांत मावते, पण पुढच्या चाली शोधताना प्रोसेसरला घाम फुटतो. असं काम खुशाल बाहेर द्या. उलट ४ एमबीचा फोटो नुसता कातरायचा असेल, तर तो वर पाठवून परत आणणं म्हणजे घरचा नळ सोडून विहिरीवर जाणं.

आपल्यातल्या जुन्या मंडळींनी हा फायदा नोकियावर उपभोगलाय. २००६ च्या सुमाराचं ऑपेरा मिनी हे ब्राउझर आठवा. पान सर्व्हरवरच मांडून, दाबून बारीक केलेलं फोनवर यायचं. टूजीवर तेच परवडायचं.

रेडिओची एक खोड मात्र कुणी सांगत नाही. डेटा जाऊन संपला तरी तो लगेच झोपत नाही, फोरजीवर दहाएक सेकंद जागाच असतो. रिक्षा थांबलीय पण वेटिंग चालू, तसं. म्हणून मिनिटामिनिटाला चिमूटभर डेटा पाठवणारं अ‍ॅप दिवसाकाठी बॅटरीला चांगलंच महागात पडतं.

त्यात रेंज कमी असेल तर बघायलाच नको. टॉवर लांब असला की फोन ओरडून बोलतो. फोरजीचा फोन २०० मिलिवॉटपर्यंत ताकद लावतो, आणि तेवढी बाहेर फेकायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट ओढतो. गणपतीत गावी माझा फोन देवघराच्या कोनाड्यात पडून होता. रेंजची एकच काडी. संध्याकाळी हातात घेतला तर इस्त्रीसारखा तापलेला आणि बॅटरी तळाला. आरतीचे व्हिडिओ दिवसभर बॅकअपला चढायचा प्रयत्न करत होते! बॅकअपमध्ये फोनचं कुठलंच काम वाचत नाही हो, तो नुसता खर्च. त्यामुळे सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर’ करा आणि रात्री चार्जिंगला लावून होऊ द्या.

राहिलं बोलून टायपिंग. २०१७ मध्ये गूगलने मराठीत ते आणलं तेव्हा आवाज सर्व्हरवर पाठवणंच शहाणपणाचं होतं: पाठवायचं थोडं, डोकेफोड प्रचंड. आता बऱ्याच फोनांत अशा एआयच्या कामासाठी प्रोसेसरचा वेगळा भाग, एनपीयू असतो, तो थोड्या विजेत भागवतो. तुमचा फोन मराठीचा ऑफलाइन पॅक देत असेल तर उतरवून घ्या. नसेल तर चांगल्या वायफायवर सर्व्हरच बरा, पण एसटीत घाटातून जाताना सरळ बोटांनी टाइप करा.