‘ड्राउट’ला मराठीत काय म्हणायचं?

लातूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: “मुलांसाठी इंग्रजी उताऱ्याचा अनुवाद करतेय. ‘ड्राउट’ला दुष्काळ लिहू की अवर्षण? दोन्ही एकच का? आणखी समानार्थी शब्द असतील तर सांगा.”

बाईंनी उच्चार बरोबर लिहिला, हे आधी सांगतो. आपल्याकडे सर्रास ‘ड्रॉट’ म्हणतात.

थोडक्यात उत्तर असं: उताऱ्यात नुसतं पाऊस न पडण्याबद्दल असेल तर अवर्षण, माणसांचे हाल आले असतील तर दुष्काळ. दोन्ही एकच नाहीत. ‘ड्राउट’ हा शब्द ‘ड्राय’च्या कुळातला, म्हणजे मुळात कोरडेपणा. त्या अर्थानं आपला ‘कोरड’ त्याच्या सगळ्यात जवळचा, पण तो आपण घशाला देऊन टाकला आणि उरलेला ‘कोरडवाहू’ला. दुष्काळात मात्र पाण्याचा उल्लेखच नाही. दुः अधिक काल, म्हणजे वाईट काळ. दुर्भिक्षातही नाही: जिथं भिक्षासुद्धा मिळत नाही ती वेळ. म्हणून इंग्रजीत ‘ड्राउट’ आणि ‘फॅमिन’, म्हणजे अन्नावाचून होणारी उपासमार, हे दोन वेगळे शब्द असले तरी आपला दुष्काळ दोघांनाही पोटात घेतो.

पटत नसेल तर आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. “बहात्तरच्या दुकाळात पाणी होतं, धान्य नव्हतं. आता धान्य हाय, पाणी नाही,” हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलंय. 1972 ची आठवण निघाली की मिलो म्हणजे रेशनवरची लाल ज्वारी, सुकडी म्हणजे वाटलेला पौष्टिक खाऊ आणि खडी फोडायची कामं निघतात, सगळं पोटाशी जोडलेलं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा रेशनच्या दुकानात गहू होता. शब्द दोन्ही वेळी एकच, दुष्काळ. काय आटलं ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.

याच कारणानं आपण ‘ओला दुष्काळ’ बिनदिक्कत म्हणतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं सोयाबीन वाहून गेलं, जमिनी खरवडल्या, तेव्हा गावोगाव ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी झाली. सरकारी नियमांत अशी संज्ञा नाही, हा मुद्दा तेव्हा निघाला. नियमांत नसेल, पण भाषेत आहे आणि चोख आहे. इंग्रजीत त्याचं शब्दशः ‘वेट ड्राउट’ केलं तर वाचणारा हसेल. तिथं पिकाची नासाडी असंच फोड करून लिहावं.

आता समानार्थी. अनावृष्टी हा अतिवृष्टीचा जोडीदार, पण पुस्तकाबाहेर फारसा येत नाही. टंचाई कचेरीतला शब्द, तो एकेका वस्तूला लागतो: पाणीटंचाई, चाराटंचाई. ‘ड्राउट’चा लाक्षणिक वापर आला, एखाद्या संघाला बरीच वर्षं करंडक नाही वगैरे, तर दुष्काळ चालतो. चांगल्या कल्पना, चांगली माणसं यांची मात्र वानवा म्हणावी, कानाला बरं लागतं. अवर्षण तिथं अजिबात नको.

खरी गंमत शेतातल्या शब्दांत आहे. आमच्याकडं पावसाला ‘पाणी’च म्हणतात. चार दिवस थांबला तर ती उघडीप. खुरपणी, कोळपणी उरकून घ्यायला ती हवीच असते. लांबली की पावसानं ताण दिला. आणखी लांबली की ओढ दिली, पिकानं माना टाकल्या. पेपरात याला ‘पावसाचा खंड’ म्हणतात. इतकं झालं तरी दुष्काळ शब्द कुणी लगेच काढत नाही. माझी आजी तर दटावायची, “पाणी उघडलंय नुसतं, दुकाळ कशाला म्हणतूस?” हवामानखातं सरासरीच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त तूट पडली की अवर्षण मोजतं, आजीचं माप वेगळं होतं. कापणीच्या सुमाराला महसूलखातं पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानानं पीक रुपयात किती पैसे आलं याचा अंदाज, काढतं आणि ती पन्नासच्या खाली गेली का, यावर चर्चा होते. लोक अजूनही तिला आणेवारीच म्हणतात, आणे जाऊन जमाना झाला तरी.

एक बारकावा व्याकरणाचा. अवर्षण होतं, टंचाई भासते, पण दुष्काळ ‘पडतो’. पावसासारखाच. अनुवादात ‘दुष्काळ झाला’ असं लिहू नका.

आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ उताऱ्यात कुठं बसवायचा मोह झालाच, तर मुलांना सांगा की तो तेरावा म्हणजे अधिक महिना. आधीच धान्य पुरत नाही, त्यात खायला एक महिना जास्तीचा.