'भूस्थिर' की 'भूसमकालिक'?

प्रश्न असा आलाय: नौदलाच्या जीसॅट-७ ऊर्फ 'रुक्मिणी' या उपग्रहाला कुणी 'भूस्थिर' म्हणतं, कुणी 'भूसमकालिक'. दोन्ही एकच का? आणि जो सतत फिरतोय तो स्थिर कसा?

दुसरी शंका आधी घेतो, कारण घोळ समासाच्या विग्रहात आहे. 'भूस्थिर' म्हणजे भूमीवर स्थिर नव्हे (तसं तर आपलं घर असतं), भूमीच्या मानाने स्थिर. खळ्यावरची पात आठवा. मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळतो, कडेचा पळून पळून दमतो. पण सगळे एका ओळीत बांधलेले, त्यामुळे आतल्याला बाहेरचा कायम त्याच बाजूला दिसतो. 'रुक्मिणी' हा असाच कडेचा बैल. २०१३ साली सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी उंचीवरून सेकंदाला सुमारे ३ किमी धावतो. त्याला नेमून दिलेली जागा ७४ अंश पूर्व रेखांशावर. साताऱ्याचा रेखांशही जवळपास तोच, म्हणजे सातारकरांसाठी तो सदैव नाकासमोर दक्षिणेला.

'भूसमकालिक'मध्ये अट फक्त काळाची: पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात, २३ तास ५६ मिनिटांत, फेरी पुरी व्हावी. कक्षा तिरपी असली तरी चालते. १९६३ चा अमेरिकी सिनकॉम-२ असा होता. त्याची कक्षा सुमारे ३३ अंशांनी कललेली, त्यामुळे जमिनीवरून पाहता तो रोज आठचा आकडा गिरवायचा (इंग्रजी आठ, आपला ८ नव्हे). १९६४ चा सिनकॉम-३ मात्र विषुववृत्ताच्या पातळीत ठेवला, आणि तो पहिला भूस्थिर उपग्रह ठरला. पुढे दोन्ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे गेले आणि व्हिएतनाम युद्धात संदेशवहनासाठी वापरले गेले.

तेव्हा भूस्थिर तेवढे सगळे भूसमकालिक, उलट नाही. 'रुक्मिणी'ला दोन्ही शब्द चालतील. मी 'भूस्थिर' लिहीन, तो नेमका आहे. इस्रोच्या जीएसएलव्ही या प्रक्षेपक रॉकेटाच्या नावातला 'जी' (जिओसिंक्रोनस) मात्र भूसमकालिकाचा. तिथे सर्रास 'भूस्थिर' छापतात, ते मला खटकतं.

एक गंमत राहिली. घरावरची डिश एकदा रोखून घट्ट केली की झालं. युद्धनौकेवर ते जमत नाही: वरचा उपग्रह जागेवर, पण खालची नौका डुलते, वळते, म्हणून तिचा अँटेना सतत फिरवत उपग्रहावर रोखून धरावा लागतो. उपग्रह भूस्थिर आहे, जहाज भूवर नाही.