जॅझच्या रेकॉर्ड जमवायच्या तर ओरिजनल प्रेसिंगच घ्यायचं का?

तुमचा प्रश्न असा: महिन्याला पाचेक हजार बाजूला काढता येतात, व्हायनिलवर जॅझ ऐकायचंय, तर ब्लू नोटसारख्या लेबलांच्या (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांच्या) जुन्या ओरिजनल प्रती, म्हणजे पहिल्या छपाईतल्या, शोधाव्यात की नंतर पुन्हा छापलेल्या नव्या रिइश्यू घ्याव्यात? आणि सुरुवात कोणत्या दहा रेकॉर्डपासून करावी?

ओरिजनल नको. पाच हजारांत तर नकोच, आणि पन्नास हजार असते तरी पहिल्या वर्षी नको असंच सांगितलं असतं. ‘रिइश्यूवर जॅझ ऐकणं म्हणजे ऐकणंच नव्हे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या संग्राहकांशी माझा जुना वाद आहे, त्यामुळे दहा रेकॉर्डपेक्षा याच मुद्द्यावर जास्त लिहिणार आहे.

त्यांचं म्हणणं असं की पहिली प्रत मास्टर टेपच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेपच्या, सर्वांत जवळची, म्हणून तीच खरी. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ती ध्वनिमुद्रित झाली. २ मार्चला मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चाललेली टेप नंतर योग्य गतीच्या मशीनवर वाजवली की स्वर चढतो. त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू, त्यामुळे चढ्या स्वरात छापली गेली. रेकॉर्ड लावून सोबत वाजवू पाहणाऱ्यांची पट्टी जुळेना ती याचमुळे. दुसऱ्या मशीनवर त्याच वेळी घेतलेली सेफ्टी टेप योग्य गतीची होती. तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती थेट १९९२ साली. म्हणजे ती काढणाऱ्या कोलंबिया कंपनीची, डोळ्यांसारखी सहा चिन्हं असलेल्या लेबलाची, लोक जपून ठेवतात ती पहिली प्रत पहिल्या बाजूला चुकीच्या स्वरात वाजते आणि नंतरची साधी प्रत बरोबर. सुरुवातीच्या काही प्रतींवर तर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही उलट क्रमाने छापलेली आहेत. त्या प्रतीला इतिहासाचा दस्तऐवज म्हणून मोल आहे, हे मला पूर्ण मान्य. पण ‘खरी’ हा शब्द तिला लावू नका.

आता ब्लू नोट. इथे माणसं लेबल बघून पैसे मोजतात आणि तिथेच फसतात. लेबलावरचा पत्ता ‘७६७ लेक्सिंग्टन’ की ‘४७ वेस्ट ६३’ की नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’, यावरून काळाचा अंदाज येतो, बस. कंपनी साठच्या दशकाच्या मध्यात लिबर्टी या दुसऱ्या कंपनीकडे गेली तेव्हा उरलेली जुनी लेबलं आणि जॅकेटं लिबर्टीने वापरून संपवली. त्यामुळे न्यूयॉर्कचं लेबल असलेली प्रत लिबर्टीच्या काळातली असू शकते. लेबलावरची खोल गोल चरी, जिला डीप ग्रूव्ह म्हणतात, तीही एकटी पुरावा नव्हे. जुने साचे कारखान्यात वापरात होते तोवर ती नंतरच्या प्रतींवरही उमटत राहिली. खरं वाचायचं असतं ते लेबल आणि शेवटची खोबण यांच्यामधल्या कोऱ्या पट्ट्यावर. रेकॉर्ड तिरपी धरून टॉर्च मारा. तिथे कानासारखी दिसणारी एक छोटी खूण असेल तर ती प्लास्टिलाइट या कारखान्याची, म्हणजे छपाई १९६६ पर्यंतची. ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी अक्षरं असतील तर लॅकर (छपाईचे साचे जिच्यावरून बनतात ती पहिली कापलेली तबकडी) ब्लू नोटचा ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यानेच कापलेली.

यातून पाचेक हजारांच्या माणसाच्या कामाची गोष्ट अशी निघते: ‘व्हॅन गेल्डर’चा शिक्का आहे पण कान नाही, अशी लिबर्टीची प्रत शोधा. लॅकर त्याच माणसाने कापलेली, किंमत कानवाल्या प्रतीपेक्षा बरीच कमी. सत्तरच्या दशकातल्या निळ्या लेबलाच्या काही प्रतींवरही हा शिक्का सापडतो. विक्रेत्याला जॅकेटचे दहा फोटो मागण्यापेक्षा या कोऱ्या पट्ट्याचा एक स्वच्छ फोटो मागा.

आणि अवस्था. जॅझमध्ये ती प्रेसिंगपेक्षा मोठी आहे. रॉकच्या गोंगाटात लपणारी खरखर इथे ड्रमवरच्या ब्रशेस आणि डबल बासच्या मधल्या शांततेत उघडी पडते. बिल एव्हन्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हळू आवाजात वाजते, मागे क्लबातल्या पेल्यांची किणकिण आहे. तिच्यावर ओरखड्यांची टिकटिक आली की ऐकणं संपलं. लेबलाच्या भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं असेल तर रेकॉर्ड खूप वेळा लागलेली आहे. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवा. नखाला लागला तर सुईला लागणारच. ३३⅓ च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दहा खोबणींवरून गेलेला ओरखडा १८ सेकंद टकटकतो. हे निदान मोजता येतं. मोजता न येणारा दोष म्हणजे झिजलेल्या खोबणी. त्या काळचे सुई धरणारे जड टोनआर्म आणि घासलेल्या सुया यांनी खोबणीच्या भिंतीच खाल्लेल्या असतात. दिसायला रेकॉर्ड चकचकीत, पण ट्रम्पेट वर गेला की आवाज फाटतो, आणि लेबलाजवळच्या शेवटच्या रचनेत सर्वांत जास्त. कितीही धुवा, तो जात नाही. म्हणून विकत घेताना बाजूची शेवटची तीन मिनिटं ऐका. विक्रेत्याने लिहिलेली ‘व्हीजी प्लस’ ही अवस्थेची श्रेणी बऱ्याचदा नुसतं बघून दिलेली असते, वाजवून दिलेली आहे का ते विचारा. प्रेस्टिज आणि न्यू जॅझ या लेबलांच्या मूळ प्रतींबाबत दुप्पट सावध राहा, त्यांचं व्हायनिल बऱ्याचदा मुळातच खरखरतं.

रिइश्यूंमध्येही सगळं सारखं नाही. ब्लू नोटची २०१९ पासूनची टोन पोएट मालिका केव्हिन ग्रे या लॅकर कापणाऱ्या तंत्रज्ञाने मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापलेली, जाड जॅकेटात येते. त्याच कंपनीची क्लासिक व्हायनिल मालिका स्वस्त पडते आणि तुम्ही तिथूनच सुरुवात करा. १९८२ पासून फँटसी या कंपनीने काढलेल्या ओरिजनल जॅझ क्लासिक्स या रिइश्यू मालिकेच्या ऐंशीच्या दशकातल्या वापरलेल्या प्रती मिळाल्या तर सोडू नका. प्रेस्टिज आणि रिव्हरसाइडचा खजिना त्यात आहे, सनी रॉलिन्सचं ‘सॅक्सोफोन कलोसस’ धरून. (हाच रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला मुंबईत वाजवून गेला.) टाळायच्या त्या युरोपातल्या अशा प्रती, ज्यांच्यावर टेप कुठली, लॅकर कुणी कापली, याचा एक शब्द नसतो. १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण तिकडे हक्कमुक्त आहे, त्यामुळे सीडीवरून उतरवून छापणंही कायदेशीर ठरतं. १८० ग्रॅम हा आकडा वजनाचा आहे, आवाजाचा नाही. आणि जुन्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनिमुद्रणाला ‘इलेक्ट्रॉनिकली रीचॅनल्ड फॉर स्टिरिओ’ असं लिहिलेली प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका.

पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मात्र रेकॉर्डवर घालवूच नका, सुईवर घाला. सूटकेसमध्ये येणारे प्लेअर विसरा, त्यांची सिरॅमिक सुई पाच-पाच ग्रॅमने दाबते. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) घेतलं तर शरीर तेच ठेवून सुई बदलता येते. साधी लंबवर्तुळाकार टोकाची सुई ३०० तास, बारीक धारेच्या टोकाची मायक्रोलिनिअर १००० तास, असे कंपनीचेच आकडे आहेत. तासाचा हिशोब केला तर महाग सुई स्वस्त पडते. शिवाय मायक्रोलिनिअर सुई खोबणीच्या भिंतीला जुन्या सुईने न घासलेल्या जागी टेकते, त्यामुळे थोडी झिजलेली रेकॉर्डही सुधारून वाजते. वजन दोन ग्रॅम ठेवा आणि डिजिटल काट्यावर मोजून ठेवा. ‘हलकी सुई रेकॉर्ड वाचवते’ हे चूक आहे. दाब कमी पडला की सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंत त्यानेच फुटते. १९५७ च्या आधीचं बहुतेक जॅझ मोनो आहे. अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबा, खोबणीतला उभ्या दिशेचा आवाज रद्द होऊन अर्धी खरखर तिथेच जाते.

धुणं. नवी रेकॉर्डही धुवा, कागदी स्लीव्हचा भुगा तिच्यावर असतो. ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या कामातलं वेटिंग एजंट अर्धा मिली. नळाचं पाणी नको, आरओचंही नको, वाळल्यावर क्षार मागे राहतात. सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल आणि सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असू शकतं, म्हणून दोन्ही बाद. लेबल झाका, द्रावण पसरून दोन मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेनेच गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. हे शेवटचं धुणं लोक टाळतात, आणि मग सुईवर चिकट पांढरा गोळा जमतो. मायक्रोफायबरने टिपा, उभी ठेवून तासभर वाळवा, आणि नव्या अँटिस्टॅटिक स्लीव्हमध्ये घाला. जुनी स्लीव्ह परत वापरली तर धुणं वाया. बुरशी असेल तर मास्क लावून आधी घराबाहेर ब्रशने झटका आणि पाच मिनिटं भिजवा. बुरशी निघते, पण जिथे ती फार काळ होती तिथली हलकी टिकटिक राहू शकते.

मुंबई-कोकणात राहत असाल तर कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. आर्द्रता मोजायचं यंत्र आत ठेवा आणि आकडा ६० च्या वर जाऊ देऊ नका. सिलिका जेल रंग बदललं की तापवून परत वापरता येतं. पीव्हीसीची बाहेरची पाकिटं काढून टाका, ती उकाड्यात रेकॉर्डवर धुक्यासारखा डाग सोडतात. डांबरगोळ्या अजिबात नकोत.

परदेशातून मागवताना तीन-चार एकत्र मागवा, कारण पोस्टेज आणि सीमाशुल्क मिळून एकट्या रेकॉर्डची किंमत सहज वाढते. तबकडी जॅकेटच्या बाहेर काढून वेगळी पॅक करायला सांगा, नाहीतर वाटेत तिच्या वजनाने जॅकेटची शिवण फाटते.

दहा नावं मी देत नाही. वर आलेल्या तीन घ्या, त्यांत कोलट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ मिळवा. चारांपैकी जिच्याकडे हात पुन्हा पुन्हा जाईल तिच्यातल्या ड्रमर आणि बासिस्टची नावं जॅकेटवरून वाचा आणि त्यांच्या मागे जा. जॅझचा संग्रह असाच वाढतो.

आता ओरिजनलवाल्यांच्या बाजूचं. ज्या ध्वनिमुद्रणाची टेप खराब झाली किंवा जे परत निघालंच नाही, तिथे मूळ प्रतीला पर्याय नाही. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांच्या मुंबईत निघालेल्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या. त्या ओरिजनलच घ्याव्या लागतात, आणि तिथे वरची बरीच कृती उलटते. ७८ ची तबकडी शेलॅकची, आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो. वरचं द्रावण तिला लावलंत तर खोबणीच जातील. फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंट, आणि लगेच कोरडी करा. सुईही वेगळी: एलपीची टोकाला साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला सुमारे ७६ मायक्रॉनची लागते. व्हीएम९५ मालिकेत ती एसपी नावाने मिळते आणि पाच ग्रॅमवर चालते. एलपीची सुई त्या खोबणीच्या तळाशी घासत जाते, खरखरच ऐकू येते, आणि लोक म्हणतात तबकडी खराब आहे. टर्नटेबल घेतानाच त्याला ७८ ची गती आहे का ते बघून घ्या.