वाचकांचे प्रश्न : कुठला संघ परत यावा?

दिवाळी अंकातल्या माझ्या लेखात हार्टफर्ड व्हेलर्सचा उल्लेख जेमतेम चार ओळींचा होता : अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातला आइस हॉकीचा संघ, १९९७ मध्ये मालकाने तो दुसऱ्या राज्यात नेला, आणि तो परत यावा असं मला मनापासून वाटतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी हार्टफर्डला ३१ वर्षं राहिले. एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम केलं आणि हिवाळ्यात जमेल तेव्हा वरच्या, स्वस्तातल्या रांगेत बसून हे सामने पाहिले. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

ताई, माझा भाचा टोरांटोला असतो. त्याच्याकडे एक हिरवी जर्सी आहे, तिच्यावर माशाची शेपटी. विचारलं तर म्हणाला, ‘मामी, हा संघ आता नाहीये.’ नसलेल्या संघाची जर्सी लोक का घेतात? आणि असा एकच संघ परत आणता आला, तर तुम्ही कुठला आणाल?
– एक वाचक, नाशिक

भाच्याची जर्सी व्हेलर्सचीच आहे. व्हेलर म्हणजे देवमाशाच्या शिकारीला जाणारा दर्यावर्दी. त्या किनाऱ्यावरचा एकेकाळचा मोठा धंदा. पुढच्या वेळी भाचा घरी आला की ते चिन्ह नीट बघा. खाली हिरवा ‘डब्ल्यू’, वर निळी शेपटी, आणि दोघांच्या मधे जी पांढरी जागा उरते तिचाच ‘एच’ होतो. पीटर गुड यांनी १९७९ मध्ये ते काढलं. मी कित्येक वर्षं रोज ते पाहत होते, पण तो ‘एच’ मला दिसला नव्हता. माझी मुलगी पाच वर्षांची होती, नुकती अक्षरं ओळखायला लागली होती. तिने वर्तमानपत्रावर बोट ठेवून दाखवला.

संघ सुरू झाला १९७२ मध्ये बॉस्टनला, ‘न्यू इंग्लंड व्हेलर्स’ या नावाने. एनएचएल या मोठ्या लीगला टक्कर द्यायला निघालेल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनमधला हा संघ, आणि त्या लीगचं पहिलंच विजेतेपद त्याने पटकावलं. पण बॉस्टनमध्ये ब्रुइन्स या तिथल्या एनएचएल संघासमोर दुसऱ्याला कोण विचारणार? म्हणून जानेवारी १९७५ मध्ये तो हार्टफर्डच्या नव्या कोऱ्या सिव्हिक सेंटरमध्ये आला. तीन वर्षांनी, १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे, बर्फाच्या ओझ्याने त्या इमारतीचं अख्खं छप्पर खाली आलं. आदल्या रात्री तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, हजारो माणसं बसली होती. काही तासांचा फरक पडला म्हणून कुणाला इजा झाली नाही. मी गेले तेव्हाही ऑफिसातली जुनी माणसं ही गोष्ट आवाज खाली आणून सांगायची. पुढची दोन वर्षं सामने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला होत, आणि हार्टफर्डची माणसं ऑफिस सुटलं की महामार्गाने तिकडे जात. गावाचं संघाशी नातं जुळलं ते तेव्हा, असं मला वाटतं.

१९७९ मध्ये ती लीग बंद पडली आणि तिच्यातले चार संघ एनएचएलमध्ये घेतले गेले : कॅनडातले एडमंटन, विनिपेग, क्वेबेक आणि आमचं हार्टफर्ड. त्या पहिल्या मोसमात हार्टफर्डकडून गॉर्डी हाउ खेळले. वय ५१, मोसम संपता संपता ५२. ऐंशीच्या ऐंशी सामने खेळून त्यांनी १५ गोल केले, आणि संघात त्यांच्याबरोबर त्यांचे स्वतःचे मुलगे होते. बर्फावर अंगावर धावून येणाऱ्या विशी-पंचविशीतल्या गड्यांमध्ये बावन्न वर्षांचा माणूस! क्रिकेटमध्ये याला जोड शोधायची मी सोडून दिली आहे.

जिंकण्याचं विचाराल तर हिशेब लहान आहे. एनएचएलच्या १८ मोसमांत प्लेऑफची एकच फेरी जिंकली, १९८६ मध्ये, क्वेबेकला सलग तीन सामन्यांत हरवून. पुढच्या फेरीत माँट्रियलशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली आणि जादा वेळेत एका गोलने गेले. त्या वर्षीचा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, शेवटी माँट्रियलनेच नेला. दुसऱ्या फेरीत हरलेल्या संघाची हार्टफर्डने मिरवणूक काढली. मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते, ती वर्षाचीही नव्हती. अशी मिरवणूक काढणाऱ्या गावाला कुणी हसत असेल तर हसो. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण इथले झालो.

मग घसरण. मार्च १९९१ मध्ये रॉन फ्रान्सिस पिट्सबर्गला देऊन टाकला. दहा वर्षं आमच्याकडे वाढलेला, शांत, कामाला वाघ असा खेळाडू. पिट्सबर्गने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी स्टॅन्ली कप जिंकला. १९९४ मध्ये पीटर कार्मानोस यांनी संघ विकत घेतला. नव्या इमारतीवरून राज्य सरकारशी त्यांची बोलणी फिसकटली आणि २६ मार्च १९९७ ला संघ जाणार असं जाहीर झालं. कुठे जाणार, हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं.

शेवटचा सामना १३ एप्रिल १९९७, रविवार, समोर टॅम्पा बे. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला घेऊन गेले होते. तिसरं सत्र सुरू होतं न होतं तोच कप्तान केव्हिन डिनीनने गोल केला. सामना २-१ असा जिंकला, आणि तो गोल व्हेलर्सचा शेवटचा ठरला. गोल झाला की आमच्याकडे ब्रास बँडची एक धून वाजायची. ती शेवटची वाजली तेव्हा माझ्या शेजारी बसलेला पोस्टमन तोंडावर टोपी धरून रडत होता. सामना संपल्यावर बराच वेळ कुणी जागचं हललं नाही.

संघ नॉर्थ कॅरोलायनात गेला, ‘कॅरोलायना हरिकेन्स’ झाला, आणि २००६ मध्ये त्याने स्टॅन्ली कप जिंकला. तर एकच संघ आणायचा असेल तर मी हाच आणेन. तीन कारणं सांगते आणि थांबते. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मधोमध, दोन्हीकडे दोनशे किलोमीटरच्या आत असलेल्या या राज्याचा स्वतःचा असा एनएचएल, एनबीए (बास्केटबॉल), एनएफएल (अमेरिकन फुटबॉल), कुठलाच मोठा पुरुष संघ नाही. अलीकडच्या काळात होता तो हा एवढाच. दुसरं, एवढ्या वर्षांनंतरही लोक जर्सी घालतात, तुमचा भाचा टोरांटोत राहून घालतो. तिसरं, चाहते कमी पडले म्हणून हा संघ गेला असं म्हणणाऱ्यांनी शेवटच्या वर्षांतली संघाची कामगिरी बघावी. १९९२ नंतर एकदाही प्लेऑफ नाही, तरी माणसं येत होती.

अडचणही सांगायला हवी. इमारत जुनी आहे आणि नव्या इमारतीला लागणारा पैसा शेवटी करदात्याच्या खिशातून येतो. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनाचा संघ अडचणीत आला तेव्हा कनेटिकटचे गव्हर्नर नेड लॅमंट यांनी तो हार्टफर्डला आणण्याची उघड इच्छा दाखवली होती. गाडी त्यापुढे गेली नाही.

आमचे पुणे वॉरियर्स आयपीएलमधून गेले, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग हार्टफर्डचे लोक अजून का हळहळतात?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

वॉरियर्स तीन मोसम खेळले, २०११ ते २०१३. पहिल्या वर्षी तर त्यांचे घरचे सामने नवी मुंबईत झाले. गहुंजेचं मैदान पुढच्या वर्षी मिळालं. आयपीएल दोन महिन्यांची, लिलावात खेळाडू इकडचे तिकडे होणार. आइस हॉकीचा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल, घरचे चाळीस-एक सामने. खेळाडू त्याच गावात घर घेतात, त्यांची मुलं तुमच्या मुलांच्या वर्गात असतात. आमच्या किराणा दुकानात दूध घ्यायला आलेला गोलरक्षक मी पाहिला आहे. आणि हे हार्टफर्डमध्ये बावीस वर्षं चाललं. मूल जन्मून पदवीधर होईपर्यंतचा काळ आहे तो.

हार्टफर्डचं मन मोडत नाही, पण क्वेबेकचा हक्क पहिला नाही का? त्यांनी तर इमारतही बांधून ठेवली आहे.
– एक वाचक, कॅलगरी

तुमचं म्हणणं मला नाकारता येत नाही. मन हार्टफर्डकडे असलं तरी आकडेमोड करणारी बाई म्हणून मी कबूल करते की क्वेबेकची तयारी जास्त आहे. तिथल्या नॉर्डिक्सवर जे बेतलं ते तर आणखी जिव्हारी लागणारं. १९९१ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, एरिक लिंड्रॉसला त्यांनी पहिल्या क्रमांकाने निवडलं. तो म्हणाला, मी क्वेबेकला खेळणार नाही. पुढच्या वर्षी त्याला फिलाडेल्फियाला दिलं आणि बदल्यात पीटर फॉर्सबर्गसकट अर्धा संघ उभा राहील इतकं मिळवलं. संघ आकाराला आला आणि पैसा संपला. खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरात, तिकिटांचा गल्ला कॅनेडियन डॉलरात, आणि तेव्हा कॅनेडियन डॉलर अमेरिकन सत्तर-बहात्तर सेंटांवर आलेला. १९९५ मध्ये संघ डेन्व्हरला विकला. तिथे पहिल्याच मोसमात, १९९६ च्या जूनमध्ये, स्टॅन्ली कप! नांगरलं, पेरलं क्वेबेकने आणि सुगी डेन्व्हरच्या अंगणात.

त्यात आणखी एक काटा आहे. तो कप जिंकून देणारा गोलरक्षक पॅट्रिक रॉय डिसेंबर १९९५ मध्ये माँट्रियलकडून आला. संघ क्वेबेकमध्येच असता तर माँट्रियलने त्या शेजारी वैऱ्याला रॉय दिला असता का? कधीच नाही.

क्वेबेकमध्ये २०१५ साली अठरा हजारांवर आसनांची इमारत उभी राहिली. त्याच वर्षी त्यांनी नव्या संघासाठी अर्ज केला. संघ मिळाला लास व्हेगासला. गाव लहान आहे, चलनाचा प्रश्न आजही तोच आहे, हे खरं. पण फ्रेंच बोलणारी, हॉकी श्वासात असलेली माणसं एनएचएलचा संघ नसलेल्या इमारतीकडे बघत बसली आहेत. दोन संघ आणता येत असतील तर दुसरा नॉर्डिक्सच.

विनिपेगला जेट्स परत मिळाले, म्हणजे पुनरुज्जीवन होऊ शकतं. मग तुम्ही लेखात ‘अर्धंच परत आलं’ असं का लिहिलंत?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

विनिपेगचे पहिले जेट्स १९९६ मध्ये अ‍ॅरिझोनात गेले. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विनिपेगला आला आणि त्याला जेट्स हे नाव दिलं. तेरा हजार सीझन तिकिटं काही दिवसांत संपली, त्यातली सर्वांसाठी खुली झालेली तर काही मिनिटांत. मी ती बातमी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली होती. पण लीगच्या दप्तरी या नव्या जेट्सचा इतिहास अटलांटाचा धरला गेला. टीमू सेलानेने १९९२-९३ मध्ये, पदार्पणाच्या मोसमात, विनिपेगकडून ७६ गोल केले, आणि ते जमा झाले अ‍ॅरिझोनाच्या खात्यात. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनाचे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले आणि तो संघ नवा म्हणून धरला गेला. म्हणजे सेलानेचे ७६ गोल न खेळणाऱ्या संघाच्या वहीत पडून राहिले.

याला मी अर्धं म्हणते. आपल्याकडे घर कोकणातून मुंबईला येतं, मुंबईहून दुबईला जातं, पण कुलदैवत गावातच राहतं. लग्नकार्याला माणसं तिथेच जातात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे करून दाखवलं आहे. क्लीव्हलँडचे ब्राउन्स १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेले, तेव्हा नाव, रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलँडमध्ये ठेवायला लावले. १९९९ मध्ये नवा संघ आला तो त्याच नावाने, जुन्या वहीसकट. आइस हॉकीच्या लीगने हा नियम करावा, ही माझी मागणी आहे. मालकाने खेळाडू न्यावेत, करार न्यावेत. गावाची वही गावाला ठेवावी. डिसेंबर २०१८ मध्ये हरिकेन्स व्हेलर्सची हिरवी जर्सी घालून बॉस्टनविरुद्ध खेळले. माझ्या मुलीने कौतुकाने फोन केला. मला आनंद झाला नाही. ती जर्सी कॅरोलायनात नव्हे, हार्टफर्डमध्ये दिसायला हवी होती.

शंभर वर्षांपूर्वीच्या संघांपैकी कुणी?
– एक वाचक, मिरज

थोडक्यात सांगते. ओटावाचे सेनेटर्स १९३४ मध्ये गेले आणि १९९२ मध्ये नव्या संघाने तेच नाव घेतलं, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनीही नाव परत येतं. मी याच धाग्याला धरून आहे. माँट्रियलच्या इंग्रजी भाषकांचे मरून्स दोन कप जिंकून १९३८ मध्ये थांबले, त्यांना परत आणायला आज कुणी उरलं नाही. मला हळहळ वाटते ती कॅनडातल्याच हॅमिल्टन टायगर्सची. १९२५ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर होते. मोसमातले सामने २४ वरून ३० केले, पण पगार वाढवला नाही, म्हणून खेळाडूंनी माणशी २०० डॉलर जादा मागितले आणि संप केला. लीगने त्यांना निलंबित केलं आणि खेळाडू न्यूयॉर्कला विकले गेले. हॅमिल्टनला त्यानंतर एनएचएलचा संघ मिळालेला नाही.

माझी ताई ऑगस्टमध्ये शिकायला कनेटिकटला चालली आहे, पुढच्या सुट्टीत मीही जाणार आहे. व्हेलर्स नाहीत, तर तिथे बघायला काय आहे? (मी नववीत आहे.)
– एक वाचक, कोल्हापूर

इमारत तीच आहे, शहराच्या मध्यावर. नाव बदललंय, त्यामुळे तिकीट काढताना गोंधळू नकोस. तिथे आता वुल्फ पॅक नावाचा संघ खेळतो. न्यूयॉर्क रेंजर्समध्ये जाण्याआधी पोरं इथे तयार होतात. तिकीट स्वस्त असतं, म्हणून बर्फाच्या जवळची जागा घे. पक, म्हणजे हॉकीतली रबरी चकती, फळीवर आदळतो तो आवाज टीव्हीवर ऐकू येतच नाही. बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर आणि जाड मोजे न्यायचे. मध्यंतरात वर छताकडे बघ, गॉर्डी हाउंचा ९ नंबर दिसेल.

आणि एक काम करशील? प्रेक्षकांमध्ये हिरव्या जर्सी किती आहेत ते मोजून मला कळव. माझी मुलगी गेल्या हिवाळ्यात गेली होती, तिने आपल्या एकाच विभागात एकोणीस मोजल्या.