रॉबर्ट हेअर यांच्यासारखं गुन्हेगारांच्या मनाचा अभ्यास करणारं करिअर बडोद्यात राहून करता येईल का?

येईल. पण हेअर 'चेहरा बघून गुन्हेगार ओळखतात' असं तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय, ते आधी मनातून काढून टाका; त्यांच्या कामात तसलं कुठेच नाही.

१९३४ साली कॅनडात जन्मलेले हेअर १९६०च्या सुमारास ब्रिटिश कोलंबियातल्या तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले. अशा कामाचं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. आठेक महिन्यांत ते तिथून बाहेर पडले, १९६३ला पीएच.डी. केली, व्हँकुव्हरला प्राध्यापक झाले, आणि संशोधनासाठी पुन्हा तुरुंगांकडेच वळले. त्यांचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. आकडे मोजत जायचे, ठरलेल्या आकड्याला विजेचा झटका बसणार हे कैद्याला आधीच माहीत. तोवर त्याच्या हाताला किती घाम येतो ते यंत्रावर मोजायचं. इतरांना झटक्याच्या बऱ्याच आधीपासून घाम फुटायचा. सायकोपॅथ, म्हणजे ज्यांना दुसऱ्याबद्दल कणव किंवा केल्याचा पश्चात्ताप वाटत नाही अशांच्या गटात तो फारच कमी. पुढे येणाऱ्या त्रासाची धास्तीच ज्याला वाटत नाही, त्याला शिक्षेचा धाक तरी कसा बसणार?

पुढे हेअर यांनी सायकोपॅथ ओळखण्यासाठी तपासणी-सूची बनवली. तिची सुधारित आवृत्ती १९९१ची. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. साधारणपणे ३० आणि त्यापुढे सायकोपॅथ मानतात. तुरुंगातले बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत. नुसत्या मुलाखतीवर गुण द्यायचे नसतात, त्या माणसाची जुनी फाईलही वाचावी लागते, कारण समोरचा सफाईने खोटं बोलू शकतो. अमेरिकेत हे गुण फाशीच्या खटल्यांतही मांडले गेले. अर्धवट शिकलेल्या माणसाने दिलेल्या एका आकड्यावर कुणाचा जीव टांगणीला लागावा, हे मला भयंकर वाटतं. गैरवापराची काळजी खुद्द हेअर यांनीही बोलून दाखवली आहे.

आता आपल्याकडचं. सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र शिक्षणशास्त्राच्याच विद्याशाखेत आहे; तिथला पाया चांगला करा, विशेषतः संख्याशास्त्र. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, तिथे न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकवतात. रुग्ण तपासायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल मानसशास्त्राचा (मानसिक आजार तपासण्याचा आणि उपचाराचा) अभ्यासक्रम आणि नोंदणी हवीच. सेल्वी खटल्याचा २०१०चा निकालही मुळातून वाचा: संमतीशिवाय कुणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग अशी खरं-खोटं शोधायची चाचणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलंय.

आणि गुजराती पक्की करा. आपण बडोद्याचे मराठी लोक बाजारात सफाईने गुजराती बोलतो, पण कैदी बायकोबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल त्याच्या गावच्या बोलीत बोलायला लागला की अर्ध्या गोष्टी निसटतात. मराठी घरातल्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या वर्षापासून हेच सांगते. तुम्ही पंचमहालकडची बोली बोलणाऱ्यांत मिसळायला आत्तापासून लागा. क्लिनिकलच्या प्रशिक्षणात सरकारी दवाखान्यातल्या मुलाखतींना त्याचा लगेच उपयोग होईल.