वाईनची द्राक्षं लावू का?

प्रश्न : भाऊ, निफाडला आमची दोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. अवकाळीनं मणी तडकले, व्यापारी बागेकडे फिरकला नाही. बाग मोडून वाईनची द्राक्षं लावावी का? की उरलेल्या मालाची घरीच वाईन करून विकावी?
– एक शेतकरी भगिनी

उत्तर : ताई, घरच्या वाईनचा विचार आजच सोडा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय ती करणं आणि विकणं गुन्हा आहे. राज्यानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क, म्हणजे वाईन कारखान्यांची वसाहत, झालं. पण तिथंही उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय पान हलत नाही.

आता बाग. थॉमसन खाण्याचं द्राक्ष. वाईनला शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉ ब्लां, शिराझ लागतात : मणी बारीक, बी असलेला, साखर साधारण २२ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातली साखर मोजायचं माप) चढलेली. ही साखरच आंबून अल्कोहोल होते, म्हणून वाईनचा कारखाना, म्हणजे वायनरी, वजनाआधी ब्रिक्स मोजते. आणि हा माल बाजार समितीत कुणी घेत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी.

मी हे भोगलंय. २००९ च्या मंदीत माझा माल घेणाऱ्या वायनरीनं तोंडी शब्द फिरवला. शिराझ वेलीवर सुकली आणि पुढच्या एप्रिलला खरड छाटणीऐवजी मी कुऱ्हाड चालवली. त्या बांधावर आजही माझा पाय जड होतो.

म्हणून आधी लेखी करार : किती वर्षं, कोणती जात, ब्रिक्सप्रमाणे दर, पैसे किती दिवसांत. तो हातात आल्यावरही एकच एकर लावा. दुसऱ्या एकरावरची थॉमसन राहू द्या.