स्टुडिओ की लाइव्ह?

प्रश्न: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची टॉप गाणी ठरवताना आमच्या ग्रुपमध्ये दरवेळी भांडण होतं, स्टुडिओवाली धरायची का लाइव्ह?

उत्तर: अहो, सरसकट एकच नियम लावूच नका. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं, पण ऑगस्ट १९७२ मध्ये रेकॉर्ड केलेल्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमवर तेच जवळपास २० मिनिटं चालतं, जॉन लॉर्डचा ऑर्गन नि ब्लॅकमोरची गिटार नुसते सुटलेत, म्हणून माझ्या लिस्टमध्ये लाइव्हच वर (मध्ये जरा ताणलंय, ते सोडा). ‘हायवे स्टार’ पण लाइव्हच. ‘स्मोक ऑन द वॉटर’ मात्र स्टुडिओतलं, रिफ (गिटारची ती पुन्हापुन्हा येणारी धून) तिथे कसा घट्ट बसलाय. ‘चाइल्ड इन टाइम’वर खुशाल भांडा, गायक गिलनच्या किंकाळ्या दोन्हीकडे भारीच आहेत!